दंडाचं गाणं

आँस फ्लॉरी, सेंट लुसिया
२६ जानेवारी १९९८

चि. मार्सलीन हिस,
नेशाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला अटक झाली होती ती संध्याकाळ आठवते का गं? तू पाच-सहा वर्षांची असशील. पप्पांच्या मांडीवर बसून आमच्या मार्गरीत मंडळाच्या बैठकीला आली होतीस, केसांत गुलाबी रिबीन लावून, थेट शत्रूच्या गोटात. गाणं चालू असताना तू जांभई दिलीस. बोनिफेसच्या वडिलांनी इन्स्पेक्टरची टोपी नीट केली आणि राणीसमोर झोपण्याच्या गुन्ह्याखाली तुझा दंड धरला. तू भोकाड पसरलंस. न्यायाधीशांनी एका गाण्याचा दंड ठोठावला. तुला मंडळाचं, आपल्या बोलीतलं एकही गाणं येत नव्हतं, म्हणून नाक ओढत ओढत तू सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थना म्हटलीस, तीही इंग्रजीतून. सगळे गंभीर चेहऱ्याने उभे राहून ऐकत होते. घरी येताना तू मला विचारलंस की हे खरे पोलीस आहेत का. मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं, की खरे नाहीत, पण हसायचं नसतं.

काल अंगणात तुरीच्या शेंगा सोलताना हे सगळं आठवलं, कारण सध्या गावात मंडळाचाच विषय आहे. आईने तुला गुलाब मंडळात घातलं आणि पप्पांनी मला मार्गरीतमध्ये, तेव्हापासून आपल्या घरात दोन राज्यं, प्रत्येकाचे खेळातले राजा-राणी, न्यायाधीश आणि पोलीस वेगळे. तुमचा सण ऑगस्टमध्ये, आमचा सतरा ऑक्टोबरला, आणि त्याआधी काही महिने बैठका. बाकी वर्षभर मुकुट, टोपी, झगे पेटीत. हे कधी कोणी लिहून ठेवलं नाही, कारण कोणी मोडलंच नव्हतं.

आता टेकडीपलीकडच्या हॉटेलचे मॅनेजर म्हणतात की पाहुणे येतात फेब्रुवारीत, ऑक्टोबरमध्ये तर खोल्या रिकाम्या. तेव्हा मंडळाने फेब्रुवारीपासून दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या लॉनवर राजा-राणीसकट गावं. निरोप घेऊन आली आपली कर्लिन. तिला तिथे पाहुण्यांच्या करमणुकीचं काम मिळालंय, हे मी नाताळात लिहिलं होतं. तिचं कायम होणं या शुक्रवारांवर आहे. माझी लेक कार्मेन मार्टिनिकला गेली तेव्हा ही तिची पोर चार वर्षांची होती, मीच वाढवली. माझ्या घरातून जे जे मोठं झालं ते ते विमानात बसलं, तुझ्यापासून. ही एवढी तरी टेकडीपलीकडे राहून संध्याकाळी घरी यावी, एवढंच माझं मागणं आहे.

केळ्यांचा धंदा बसल्याचं तू तिकडे वाचत असशीलच. आपल्या पॅकिंग शेडमध्ये आता कोंबड्या अंडी घालतात. बापाची इन्स्पेक्टरची टोपी आता सांभाळणाऱ्या कंपे बोनिफेसने मळा सोडला आणि हॉटेलात माळी झाला. म्हणतो, जन्मभर जे गवत कोयत्याने कापत आलो त्याला आता नळीने पाणी पाजतो. रेडिओवर मंत्री समजावतात की केळी जहाजात चढवावी लागायची, पाहुणा आपल्या पायांनी येतो आणि देशाची चूल त्याच्यावर चालते. खरं असेल. पण केळ्याला कोणी कधी हसून दाखव म्हटलं नव्हतं, आणि ते पिकवणाऱ्यालाही.

मंडळाच्या सभेत बरीच वादावादी झाली. आमची मुख्य गायिका लिओन्सिया म्हणाली की संत मार्गारेटला वर्षात एकच दिवस दिलाय, ती फेब्रुवारीत काय म्हणून खाली येईल. बोनिफेस म्हणाला की संत काही हॉटेलच्या पगारावर नाही, आपली मुलं आहेत. फादरांनी सांगितलं की आडमहिन्यात मी मिस्सा करणार नाही, पण रागावणारही नाही. राणीने शेवटी बोलायचं असतं, आणि राणी मी. मी हो म्हटलं. कर्लिनसाठी म्हटलं, हे सगळ्यांना कळलं.

तर तुझ्या शत्रूराष्ट्राला जांभळी रिबीन हवी आहे, बोटभर रुंद, चमकणारी. इथली एका पावसात रंग सोडते. गुडघ्याला लोकरीची पट्टी बांधत जा, आणि तुझ्या मनातली माझी खुर्ची कोणाला देऊ नकोस.

तुझी,
नेशाताई


टोरांटो
९ फेब्रुवारी १९९८

ती. नेशाताईस,
सा. न. वि. वि.

रिबीन सोबत पाठवली आहे. दुकानदारणीने विचारलं की लग्न आहे का. मी म्हटलं, नाही, माझी बहीण राणी आहे. तिने मला थोडी सूट दिली, वेडी समजून दिली असावी.

त्या अटकेचं तू असं लिहितेस जशी गंमतच होती. ताई, मला आठवते ती तुझी सारवासारव नाही, दंडावरचा तो हात आठवतो. आमच्या गुलाबवाल्यांमध्ये पोलीस पकडतो तेव्हा निदान ढोल वाजतो, लोक नाचतात, पकडलेल्यालाही कळतं की चाललंय काय. तुम्ही मार्गरीतवाले म्हणजे वेळेवर अंत्ययात्रेला निघालेली माणसं. रागावू नकोस, पण परक्यासमोर हा खेळ करताना कोणीतरी एकाने तरी हसा.

इकडे भुयारी रेल्वेच्या स्टेशनात आपल्या बेटाचं मोठं चित्र लावलंय. निळं पाणी, पांढरी वाळू, एक रिकामी खुर्ची. खाली सहलीच्या कंपनीचं नाव. मी ड्यूटीवरून परतताना रोज त्याच्यासमोर उभी राहते. परवा शेजारच्या बाईने विचारलं की तुम्ही कुठल्या, तर मी चित्राकडे बोट दाखवलं. ती म्हणाली की किती छान, पण इथे तर कोणीच राहत नाही. मी म्हटलं की राहतात, फोटो काढताना त्यांना बाजूला व्हायला सांगितलं होतं. तिला तो विनोद वाटला.

आणि तरी खरं सांगू, त्या चित्राखाली लोक थांबले की मला बरं वाटतं. मनात म्हणते, जा बाबांनो, जा. माझ्या कर्लिनची नोकरी पक्की करा.

बर्फ खिडकीच्या कठड्यापर्यंत आलं आहे. हॉस्पिटलात माझी शेवटची दोन वर्षं उरली. नंतर यायचा विचार आहे, पण तो मी दर हिवाळ्यात करते. पत्र लवकर टाक. राणीसाहेबांची कृपा गुलाबावरही राहू दे.

तुझी धाकटी,
मार्सलीन


आँस फ्लॉरी
४ मार्च १९९८

चि. मार्सलीन हिस,
अ. आ. वि. वि.

रिबीन पोचली. सुंदर आहे. पहिले दोन शुक्रवार तिच्याविना पार पडले, नंतर ती लावली आणि सगळ्यांनी तारीफ केली. तिसऱ्या शुक्रवारी जे झालं ते कसं लिहू कळत नाही, पण तुझ्याशिवाय लिहू कोणाला?

आधी सगळं नीट चाललं होतं. लॉनवर खुर्च्या, झाडांना दिवे. कर्लिनने माइकवर समजावलं की आता राजा-राणीचा दरबार भरेल, पोलीस कोणालाही पकडतील, सगळा खेळ आहे, घाबरू नका. पाहुण्यांना मजा येत होती. एका डॉक्टरला पाय हलवल्याबद्दल पकडलं, त्याने दंड म्हणून राजासमोर बेडूक उडी मारली.

तुमच्या टोरांटोकडचं एक वयस्क जोडपं उशिरा आलं आणि मागे बसलं. मिस्टर आणि मिसेस केरेकेश, हॅमिल्टन म्हणून गाव आहे ना, तिथले. आदल्या दिवशीच किनाऱ्यावर कर्लिनने त्यांचा फोटो काढला होता आणि बाईने आपला पत्ता देऊन प्रत पाठव म्हणून सांगितलं होतं. इतकी गोड माणसं. तो म्हातारा थोडं कमी ऐकतो. लिओन्सियाचं लांबलचक गाणं चालू असताना त्याची मान खाली गेली. आता झोपलेल्या माणसाला सोडील तो बोनिफेस कसला? मागून गेला, खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या खर्जात म्हणाला की राणीसमोर झोपल्याबद्दल तुम्हाला अटक होत आहे, उभे राहा.

तो माणूस उभा राहिला, मार्सलीन. आणि त्याने आपणहून दोन्ही हात मानेमागे नेऊन बोटं गुंतवली. आपल्या गावात असं कोणी कधी केलेलं नाही. आपल्याकडे पकडलेला हुज्जत घालतो, पळतो, बायकोला पुढे करतो. लोकांना वाटलं की म्हातारा खेळात रंगला. टाळ्या पडल्या. बोनिफेस त्याला चालवत माझ्यासमोर घेऊन आला. न्यायाधीशांनी एका गाण्याचा दंड सांगितला. मी पुढ्यातच होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी, राणीने हसायचं नसतं म्हणून, दगडासारखी बसून राहिले. त्याचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. मग पॅन्ट ओली झालेली मला दिसली. तोवर त्याची बायको खुर्च्या पाडत धावत आली. ती कुठल्या तरी तिसऱ्याच भाषेत ओरडत होती. तिने त्याचे हात खाली ओढायचा प्रयत्न केला, ते खाली येईनात.

कर्लिन मध्ये पडली, सगळे माफी मागू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं विमानतळावर निघून गेली. सुटीचे बरेच दिवस बाकी होते.

बोनिफेस त्यानंतर दोनदा येऊन माझ्या पायरीवर बसला. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, की मी जोरात धरलं नव्हतं, पाखराला धरावं तसं धरलं होतं. मी म्हटलं की मला माहीत आहे. माझ्या मुलाचा धर्मपिता आहे, म्हणून तर मी त्याला कंपे म्हणते, त्याचा हात मला माहीत नसेल का?

आता हॉटेलकडून काय येतं याची वाट पाहतेय. कर्लिन जेवत नाही. तू म्हणाली होतीस की कोणीतरी एकाने हसा. जांभळ्या रिबिनीकडे पाहवत नाही, पण ती पाठवणारीवरची माया तेवढीच आहे.

तुझी,
नेशाताई


आँस फ्लॉरी
११ मे १९९८

चि. मार्सलीन हिस,
अ. आ. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही कारण चांगलं काही घडेल, मग लिहीन, असं ठरवलं होतं. घडलं नाही.

मिसेस केरेकेश यांनी सहलीच्या कंपनीकडे तक्रार केली की गणवेशातल्या माणसाने माझ्या म्हाताऱ्या नवऱ्याला धरून जमावासमोर उभं केलं. यात एक शब्द खोटा नाही, म्हणून काही बोलता येत नाही. कंपनीने पुढच्या हिवाळ्याच्या पुस्तिकेतून हॉटेलचं पान काढून टाकलं. तू ज्या चित्रासमोर उभी राहतेस ना, तीच कंपनी. अर्ध्याहून अधिक पाहुणे तिचे. मॅनेजरांनी समुद्राकडची इमारत बंद करायचं ठरवलं आहे. कर्लिनला कायम करायचं सोडाच, एप्रिलअखेर घरी बसवलं.

एक पान गेलं तर काय काय जातं, हे मला आत्ता कळलं. चादरी धुणाऱ्या बायका घरी बसल्या. फिलिबर्टची टॅक्सी चिंचेखाली उभी असते, तिच्या टपावर शेळ्या चढतात. रॉसेला चौकात बेकच्या मैद्याच्या जाड पुऱ्या तळायची, ती म्हणते की विकत घेणारे आता फक्त वास घेऊन जातात. फादरांची दानपेटीसुद्धा हलकी झाली. आपण समजत होतो की हॉटेल टेकडीपलीकडे आहे. ते आपल्या चुलीखाली होतं.

लोक बोनिफेसला टोमणे मारतात. परवा दुकानात कोणीतरी म्हणालं की इन्स्पेक्टरसाहेबांनी एका फटक्यात अख्ख्या गावाला अटक केली. तो संध्याकाळी आला, पप्पांच्या काळापासून चालत आलेली ती टोपी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाला की राणीकडे जमा करतो. मी नको नको म्हणत राहिले. तो फाटकाशी जाऊन परत आला आणि मला विचारलं की त्याने हात वर का नेले असतील. 

कर्लिनला एका क्रूझ जहाजाच्या कंपनीचं बोलावणं येईलसं दिसतं. जहाजावर पाहुण्यांना हसवायचं काम. सहा-सहा महिने पाणी. ती मला विचारत नाही, मी तिला विचारत नाही. इस्त्री दोघी मिळून करतो.

सोबत तो किनाऱ्यावरचा फोटो आहे. मॅनेजरांनी त्या कुटुंबाशी संपर्क करायचा नाही म्हणून ताकीद दिली होती, पण आता ते कर्लिनचे मॅनेजर नाहीत. ती म्हणते की कबूल केलेली वस्तू पोचवायला हवी. पत्ता मागे लिहिला आहे. पोस्टाने टाक किंवा तुला वाटेल ते कर. आम्हाला दुसरं काही मागायचं नाही, हे मात्र त्यांना कळू दे. थंडी गेली असेल, पण पट्टी सोडू नकोस. आम्हा काळजीवाल्यांना मनातून उतरवू नकोस.

तुझी,
नेशाताई


टोरांटो
१५ जून १९९८

ती. नेशाताईस,
सा. न. वि. वि.

फोटो पोस्टाने टाकला नाही. मी स्वतः गेले. आधी फोन करून विचारलं होतं. बाई म्हणाल्या की या.

छोटं विटांचं घर आहे, पुढे टोमॅटोची रोपं. मी गुलाबी टोपी घालून गेले होते, एकदा शत्रुपक्षाच्या कामाला येतेय हे मला तरी आठवावं म्हणून. मी काळा केक नेला होता, त्यांनी खसखशीचा कापला. फोटो पाहून इलोना केरेकेश हसल्या. त्यात तो म्हातारा पॅन्ट दुमडून पाण्यात उभा आहे आणि इतका खूश दिसतोय. म्हणाल्या की बेचाळीस वर्षांत त्यांचा असा फोटो दुसरा नाही.

मग त्यांनी सांगितलं. ही माणसं हंगेरीची. छप्पन्न साली तिकडे बंड झालं तेव्हा यानोश, म्हणजे त्यांचा नवरा, विद्यार्थी होता. वर्ग चालू असताना मागच्या बाकावरून गणवेशातल्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उभं राहायला सांगितलं. तिथे हात असे मानेमागे न्यायचे असत, नाहीतर मार. पुढे काय झालं ते त्याने बायकोला कधी सांगितलेलं नाही. तिलाही विचारायचं धाडस झालं नाही. सुटून सरहद्द ओलांडली, इथे पोलादाच्या कारखान्यात आयुष्य काढलं. निवृत्तीनंतरची ही पहिली सहल. समुद्रात त्याने जन्मात पहिल्यांदा पाय घातला, तो आपल्या.

मी त्यांना कर्लिनबद्दल सांगितलं, पुस्तिकेच्या पानाबद्दल सांगितलं. त्यांचा हात कपावरच राहिला. म्हणाल्या की मला कोणाची नोकरी नको होती, मला फक्त कोणीतरी म्हणायला हवं होतं की हे घडलं. त्या कंपनीला पुन्हा लिहिणार आहेत. पण ताई, खोटी आशा दाखवत नाही, पुस्तिका छापायला गेलेली आहे.

यानोश सगळा वेळ शेजारच्या खोलीत होता. निघताना दारात आला. मी त्याला अटकेचं सांगितलं, माझ्या अटकेचं. सहा वर्षांची असताना, त्याच गुन्ह्यासाठी, याच इन्स्पेक्टरच्या बापाने केलेली. मीही रडले होते आणि मला दंड एका गाण्याचाच होता. खऱ्या पोलिसांनी असा दंड कधी कोणाला केलेला नाही, एवढं मी म्हटलं. त्याने कानामागे हात धरून पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं की मी कोणतं गाणं म्हटलं. मी सांगितलं. तो मान हलवून आत गेला.

इलोनाताईंनी टोमॅटोची दोन रोपं दिली. माझ्या गॅलरीत आहेत. हे पत्र बोनिफेसला वाचून दाखव. दाखवशीलच, पण मीच सांगितलं म्हण. तुमच्या गावावर आणि माझ्यावर देवाचा हात राहो, आणि तुझाही.

तुझी धाकटी,
मार्सलीन


आँस फ्लॉरी
१८ ऑक्टोबर १९९८

चि. मार्सलीन हिस,
अ. आ. वि. वि.

काल आमचा सण झाला. मिस्सा झाली, फादर छान बोलले. मार्गरीतची जांभळी फुलं या वर्षी भरपूर आली आणि ती माळणारे कमी. सगळे मिळून आम्ही एका व्हॅनमध्ये मावलो असतो. लाँड्रीतल्या मुली राजधानीत कामं शोधायला गेल्या, फिलिबर्टने टॅक्सी विकली.

तुझं पत्र मी बोनिफेसला जूनमध्येच वाचून दाखवलं होतं. त्याने दोनदा वाचायला लावलं. वाटलं होतं की आता त्याचं मन हलकं होईल. उलट म्हणाला की म्हणजे तो खरोखरच घाबरला होता, आणि मला ते कळलं नाही. हॉटेलची झाडं तो अजून राखतो, पण बैठकीला एकदाही आला नाही. सतराला टोपी मी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. सबंध सणात कोणाला अटक झाली नाही. लोक झोपले, बोलले, पाय हलवले, आणि कोणी काही म्हणालं नाही. तुला काय सांगू, इतकं उदास वाटलं. पकडायला कोणी नाही म्हणजे आपल्याकडे कोणाचं लक्षच नाही.

इलोनाबाईंना कंपनीचं उत्तर आलं हे तू कळवलंस. पुढल्या वर्षी विचार करू, असं. मॅनेजरही तेच म्हणतात. मधलं वर्ष लोकांनी काय खायचं ते कोणी लिहीत नाही.

कर्लिनचं जहाजाचं पत्र आलं. जानेवारीच्या मध्यावर मायामीला हजर व्हायचं. काल तिने पहिल्यांदाच जांभळा झगा घातला आणि माझ्या मागे चालली. तिने मला विचारलं की आजी, जहाजावर ऑक्टोबर कळतो का. मी राणी होते म्हणून रडले नाही. घरी येऊन सगळं उरकल्यावर मुकुट पेटीत ठेवला आणि मग रडले. आठवणींच्या त्या पेटीत मलाही जपून ठेव.

तुझी,
नेशाताई


टोरांटो
२२ नोव्हेंबर १९९८

ती. नेशाताईस,
सा. न. वि. वि.

नाताळाचं पिंप काल जहाजावर चढलं. निळं आहे, झाकणावर तुझं नाव मी तीनदा लिहिलंय. बंदरावर सोडवायला फिलिबर्टलाच ने. टॅक्सी नसली तरी तिथे हुज्जत कशी घालायची ते त्यालाच माहीत आहे. ज्याचं त्याला नीट जावं म्हणून लिहिते.

सगळ्यात वर तांदूळ, साखर आणि साबण आहे. ते तुझं नाही, हे आधीच सांगते, कारण तू पहिला हात तिथेच घालशील. लाँड्रीतल्या ज्या बायका गावात उरल्यात त्यांच्यात वाट. तेलाचा डबा रॉसेलाला दे. तिला म्हणावं, वास फुकट देऊ नकोस.

लिओन्सियाला घशाच्या गोळ्या आणि करडी शाल. शाल थंडीसाठी नाही, चर्चमध्ये मिरवायला आहे, हे तिला सांगावं लागणार नाही. फादरांना वाचायचा चष्मा पाठवलाय, नंबर अंदाजाने आहे.

जांभळ्या रिबिनीचं अख्खं रीळ तुला. दुकानदारीण मला आता ओळखते. तिने राणीची तब्येत विचारली.

कर्लिनसाठी मी पिंपात लोकरीचा कोट घातलेला नाही. दुकानात दोनदा हातात घेऊन परत ठेवला. एकदा कोट मिळाला की माणूस थंडीकडे जातं, मला ठाऊक आहे, मला एकसष्ट साली सिस्टरांनी दिला होता. तिला पांढरे बूट आहेत, मंडळाच्या मिरवणुकीचे. जहाजावर जाताना नेऊ देऊ नकोस. घरीच राहू देत, पायरीजवळ, म्हणजे ती ऑक्टोबर विसरणार नाही. इलोनाताईंनी तिच्या नावाने पाकीट दिलंय. त्यात किनाऱ्यावरच्या त्याच फोटोची मोठी केलेली प्रत आहे. त्या म्हणाल्या की तुम्हा लोकांच्या चित्रात निदान आमचा एक माणूस तरी हसताना असू दे.

आता तळाशी बघ. टॉवेलात गुंडाळलेली कॅसेट आहे. ती बोनिफेसची, दुसऱ्या कोणाची नाही. गेल्या रविवारी यानोश केरेकेश बसने एकटा टोरांटोला आला. कोट काढला नाही, चहा घेतला नाही. म्हणाला की मला तुमची भाषा येत नाही, आमचंच चालेल का. मी म्हटलं की मी तर इंग्रजी प्रार्थनेवर सुटले होते. मग माझ्या स्वयंपाकघरात टेबलाशी उभा राहिला. बसा म्हटलं तर नाही म्हणाला, दंड उभ्याने भरायचा असतो. मी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. आवाज फार बरा नाही त्याचा. मध्ये एकदा अडकला, थांबला, पहिल्यापासून सुरू केलं. त्याची आई चुलीशी म्हणायची ते गाणं आहे म्हणे. गाताना हात कुठे ठेवावे ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने ते कोटाच्या खिशात घातले.

कॅसेट तू आधी ऐकू नकोस. टोपी घेऊन बोनिफेसच्या घरी जा, त्याच्या डोक्यावर ठेव, आणि मग लाव. संपेपर्यंत उभी राहा. राणी म्हणून आणि न्यायाधीशांच्या वतीने सांग, की दंड पुरता भरला आहे, कैदी सोडावा. सोडायचं काम इन्स्पेक्टरचं असतं, दुसऱ्या कोणाला ते करता येत नाही, म्हणून त्याला मंडळात परत यावं लागेल.

टॉवेल तू ठेव.

तुझी धाकटी,
मार्सलीन